धनाजीची गाडी

५ जानेवारी, रविवार

गाडी आली!

सकाळी चहा होतो न होतो तोच खाली हॉर्न वाजला. बघते तर बकऱ्यांनी भरलेला टेम्पो, आणि बकऱ्यांच्या मधोमध दोरखंडांनी जखडलेली माझी मोटारसायकल. टेम्पो मंगळवेढ्याहून बाजाराला निघाला होता, त्यातच विकणाऱ्याने गाडी धाडून दिली. दोन करडं पुढच्या चाकाला टेकून गाढ झोपली होती. टेम्पोवाल्याने उचलून बाजूला ठेवली, तर पुन्हा येऊन तिथेच टेकली.

सोलापुरात येऊन मला आठवडा झाला. ठिबकच्या कंपनीत फील्ड ऑफिसर म्हणजे दिवसभर या रानातून त्या रानात. एसटीच्या भरवशावर ते जमायचं नाही. म्हणून ॲपवर फोटो पाहिले, फोनवर बोलले आणि घेऊन टाकली. प्रत्यक्ष न बघता. बघायला जायचं तर बरोबर येणार कोण? विकणाऱ्यांचं नाव बाळासो. बोलायला सभ्य. गाडी पुतण्याची आहे, आता कोणी वापरत नाही, एवढंच म्हणाले. मीही खोदून विचारलं नाही.

मी जाहिदाचाचींच्या माडीवरच्या खोलीत राहते. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "बघितल्याबिगर घेतलीस? अगं बेटी, आमी मटकाबी वाजवून घेतो की." मग तोंड गोड करायला वाटीभर जर्दा, केशरी गोड भात, आणून दिला.

टाकीवर जुनं स्टिकर आहे, 'आईची पुण्याई'. टेम्पोवाला म्हणाला, खरवडून टाका. मी राहू दिलं. माझी आई गेली त्याला दिवाळीत वर्ष झालं. दुसऱ्या कुणाच्या आईची का असेना, पुण्याई ती पुण्याईच.

९ जानेवारी

ऑफिस सुटलं की सगळे आपापल्या घरी पांगतात. शेजारच्या टेबलावरची सोनम तेवढी चौकशी करते, पण तिला घरी लहान मूल. तिचा एक डोळा घड्याळावर. देवरुखच्या घराला कुलूप आहे. दादा मस्कतला. तो फोन करतो, सगळं ठीक ना, असं विचारतो. मी ठीक म्हणते. मग तो फोन ठेवतो.

रात्रीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाताची सवय मोडायला वेळ लागणार.

गाडी मात्र गुणाची निघाली. मी आजवर स्कूटरच चालवली. गियरची गाडी कॉलेजात मैत्रिणीच्या भावाची, तीही चार दिवस. वाटलं होतं धडपडेन. पण पाय आपसूक गियर टाकतो, मी विचार करायच्या आधी. हँडल किंचित डावीकडे ओढतं, एवढीच काय ती खोड.

१४ जानेवारी

सोनमने तिळगूळ दिला. संध्याकाळी गड्ड्यावर, म्हणजे इथल्या जत्रेच्या मैदानावर गेले. मोठ्या पाळण्याच्या रांगेत उभी राहिले. नंबर आला तेव्हा पाळणेवाला म्हणाला, एकट्याला बसवत नाही, तोल जातो, जोडीदार आणा. मागे बघितलं. रांगेत सगळे दोघं-दोघं. म्हटलं, राहू दे.

घरी आल्यावर लगेच वर गेले नाही. गाडीवरच बसून राहिले थोडा वेळ. इंजिन अजून कोमट होतं, दमून बसलेल्या जनावरासारखं.

१८ जानेवारी

आज विचित्र दिवस गेला. विचित्र म्हणू की चांगला?

मंगळवेढ्याच्या बाजूला काम होतं. काळ्या रानात ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली आहे. बेगमपूरचा पूल ओलांडला आणि पुढे एका फाट्यावर हँडल डावीकडे वळलं. मीही वळू दिलं. मागाहून मनाशी म्हटलं, बाळासोंची वस्ती इकडेच असणार, भेटून जाऊ. कुणालाही विचारावं लागलं नाही.

दारात एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. बाळासोंची भावजय, कस्तुराबाई. तिने आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "आलास व्हय? हात धू. भाकरी गार व्हायला लागली."

'आलास' म्हणाली. हेल्मेटमुळे फसली असेल म्हणून मी ते काढलं, वेणी पुढे घेतली. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ताट वाढलेलंच होतं. भाकरी, पिठलं, कांदा, दही. पोट भरल्यावरही ती म्हणत राहिली, अजून एक घे, अर्धी तरी घे. गेल्या वर्षभरात मला असं कोणी म्हटलेलं नाही. मी घेत राहिले.

निघताना बाळासो गाडीपर्यंत आले. हलक्या आवाजात सगळं सांगितलं. धनाजी तिचा एकुलता एक. मागल्या साली याच गाडीवरून पडून गेला. तिला ते कधी पटलंच नाही. गाडी अंगणात होती तोवर दिवसभर गाडीशी बोलत बसायची, म्हणून विकली. आधी सांगायला हवं होतं, चुकलं, म्हणाले. मग हात जोडून म्हणाले, "ताई, राग मानू नगा. पण परत हिकडं येऊ नगा."

राग आला नाही. परतीच्या वाटेवर पोट जड होतं आणि मन हलकं.

२२ जानेवारी

सांगोल्यात डाळिंबाच्या बागा बघून दुपारी परत आलो. ऊन वाढत चाललंय. जाहिदाचाची म्हणाल्या, आवाज बसलाय, आणि हळदीचं दूध देऊन गेल्या. धुळीने बसला असेल.

२५ जानेवारी

मागची पानं चाळत होते. बुधवारी 'परत आलो' लिहिलंय. मी. 'आले' नाही, 'आलो'.

ऑफिसात सोनमला हसत हसत सांगितलं. ती म्हणाली, कोल्हापूरकडच्या पोरी असंच बोलतात, तुला हवा लागली की तिकडची! मीही हसले.

लिहिताना ते मला जराही खटकलं नव्हतं, हे मात्र तिला सांगितलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

गेले पुन्हा. बाळासोंनी नको म्हटलं होतं तरी. सोलापुरात रविवारी दिवसभर माझ्या तोंडून एक शब्द निघत नाही. इथे कुणीतरी ताट वाढून बसलंय हे माहीत असताना खोलीत कसं बसायचं?

वस्तीच्या अलीकडे काळं कुत्रं भुंकत अंगावर आलं. "कारभारी, गप!" म्हटलं. गप झालं, शेपूट हलवत गाडीमागे धावायला लागलं. कुत्र्याचं नाव कारभारी कोण ठेवतं? आणि मला ते कुणी सांगितलं होतं?

कस्तुराबाईने अंगणात बसवून डोक्याला तेल लावलं. बोटं खरखरीत, पण हात इतका हळू की झोप यावी. केस किती वाढीवलास रं, म्हणाली. मग कात्रीचा आवाज आला. माझी वेणी. शाळेपासून वाढवलेली. उठायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. मी बसून राहिले. खरं लिहायचं तर, डोळे मिटून बसले.

बाळासो मेंढरं घेऊन आले आणि मला बघून जागीच थिजले. माझ्या अंगात कस्तुराबाईने घातलेला धनाजीचा सदरा होता. बेतून शिवल्यासारखा बसला होता.

२९ जानेवारी

जाहिदाचाचींनी केस बघितल्यापासून धसका घेतलाय. आज बाळासो एसटीने सोलापूरला आले. चाचींच्या बैठकीत खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, गाडी मी घेऊन जातो, पैसे आणलेत. वहिनीचं दुःख वहिनीपाशीच राहू द्या. "ती तुमाला सोडायची न्हाय, ताई. ती वाईट न्हाय. पण सोडायची न्हाय."

चाची म्हणाल्या, दे बेटी, देऊन टाक.

मी नाही म्हणालो. म्हणाले. मी नाही म्हणाले.

गाडी गेली तर रविवारी मी कुठे जाऊ? हे त्यांना सांगता आलं नाही. ते पायरीवर बराच वेळ बसून गेले.

१ फेब्रुवारी

दादाचा फोन. मी हॅलो म्हटलं. त्याने विचारलं, कोण बोलतंय?

म्हटलं, अरे मीच.

तो म्हणाला, शलाकाला फोन द्या. मी पुन्हा म्हटलं, मीच शलाका. त्याचा आवाज चढला. कोण आहेस तू, तिचा फोन तुझ्याकडे कसा, तिला काय केलंस?

चाचींना हाक मारली, फोन त्यांच्याकडे दिला. मला शेजारी बसवून त्यांनी त्याची कशीबशी समजूत घातली. हीच तुझी बहीण हाय, घसा बसलाय. बोलताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

भीती वाटते. आज पहिल्यांदा लिहिते आहे. भीती वाटते.

३ फेब्रुवारी

ठरलं. देवरुखला जायचं. उद्या सकाळची कोल्हापूरची एसटी, तिथून पुढे. आईच्या घरात चार दिवस राहीन, तिच्या भांड्यांत भात शिजवीन. चाचींनी डबा करून द्यायचं कबूल केलंय. गाडीची किल्ली त्यांना देऊन टाकली. त्यांनी ती पदराच्या गाठीत बांधली. म्हणाल्या, "आता मागितलीस तरी देनार न्हाय. अल्लाकसम."

बरं वाटलं. कुणीतरी मला 'देणार नाही' म्हणणारं आहे.

४ फेब्रुवारी

कोल्हापूरची गाडी मंगळवेढ्यावरूनच जाते. हे मला माहीत होतं. माहीत असून बसलो.

पूल आला तोवर ठीक होतो. खिडकीचा गज धरून आईचं नाव घेत होतो. माझ्या आईचं. पुढं फाटा दिसला आणि कंडक्टरला म्हणालो, थांबवा.

कोण म्हणालं? आवाज माझ्या तोंडातून —

वस्तीपर्यंत चालत आलो. कारभारी आडवा आला. अंगणात गाडी उभी होती. टाकीवर हात ठेवला. कोमट होती.

किल्ली चाचींच्या पदरात आहे. मी बघितलं होतं गाठ मारताना. मग ही —

ती दारात. तांब्या घेऊन.

५ फेब्रुवारी

दुपारी जायला निघालो. बांधापर्यंत गेलो. तिनं हाक मारली नाही, अडवलं नाही. नुसती उभी राहिली, रिकाम्या ताटापाशी. त्या रिकाम्या ताटाकडं बघवलं न्हाय.

परत आलो. जेवलो.

बाळासोकाका बांधावर बसून रडत्यात. का रडता म्हणून इचारलं. माझ्याकडं बघून हात जोडलं.

७ फेब्रुवारी

लिहून ठेवायला पाहिजे. विसरायच्या आत.

माझं नाव शलाका. गाव देवरुख. आईचं नाव — आईचं नाव सुमित्रा. ती भाताला फोडणी घालायची तेव्हा गाणं — कुठलं गाणं? आई उंच होती. घारी होती. नाही, ती सावळी, कपाळाला गोंदण — नाही, ती ही. ही आई. ती नाही. ती —

मोबाईलमध्ये फोटो बघितला. अंगणात एक गोरी बाई हसते आहे. मागं नारळीची झाडं. चांगली बाई वाटते. खूप वेळ बघितलं. आठवत न्हाय, कुटं बघितली होती.

आई ये.

आई हाक मारती म्हणून उठलो. कुठली आई मारती, ते —

८ फेब्रुवारी

मेंढरं लवकर सोडली. ऊन लई हाय.

आईनं इचारलं, कागदावर काय खरडतोस रं सारखं. म्हटलं काय न्हाय. वरची पानं वाचली, अक्षर बाईचं हाय. कुनाची वही हाय काय म्हाईत. चुलीला घालू का म्हनली आई. म्हटलं ऱ्हाऊ दे जरा.

९ फेब्रुवारी

फोन वाजला. वर 'चाची' असं नाव. आपली कोन चाची न्हाय. उचलला.

कोन तरी म्हातारी रडत हुती. शलाका, शलाका, असं म्हनत हुती. बेटी, किल्ली माझ्यापाशीच हाय, गाडी दारात न्हाय, तू कुटं हायस, मी न्यायला येते, टॅक्सी करून येते, नुसतं कुटं हायस तेवढं सांग. लई येळ म्हनत हुती. मी म्हटलं, राँग नंबर हाय म्हातारे. हितं शलाका कोन न्हाय.

तिचं रडू एकदम थांबलं. मग हळूच म्हनली, जेवलीस का गं?

फोन ठिवला.

डोळ्यातनं पानी थांबंना. आई म्हनली, धुरानं आलं आसंल, चूल लई धुमसती. मी बघितलं. चूल तर अजून पेटवलीच न्हवती.