तिसऱ्या ओळीतला पाचवा फोटो

६ एप्रिल २०२६, सोमवार

सनीचा फोन. "ताई, गेल्या वर्षीची श्रद्धांजलीची फाईल आहे ना? तीच घ्या. फक्त साल बदला."

फक्त साल बदला! आमच्या प्रभागातली बत्तीस माणसं कोविडमध्ये गेली, आणि त्यांच्यासाठी काम काय उरलं, तर 'चतुर्थ'चं 'पंचम' करायचं. दोन मिनिटांचं काम. सनी म्हणजे अण्णांचा, आमच्या प्रभागातल्या पुढाऱ्याचा माणूस. अण्णांचे फोन उचलतो, हार आणतो, आमच्या दुकानात फ्लेक्सची ऑर्डर देतो. बिल मात्र देत नाही.

फाईल अजून उघडलेली नाही. चौदा तारखेच्या जयंतीच्या कामाचा ढीग पडलाय. दुकानाचा मालक हर्षल, त्याला सांगितलं, बघू नंतर. तो म्हणाला, "संजनाताई, तेवढं करून टाका, अण्णा ओरडतील."

ओरडू देत.

८ एप्रिल

उघडली. चारही वर्षांच्या फाईली शेजारी शेजारी लावून बघितल्या. उगाच बघितल्या! जेवण गेलं नाही.

पहिल्या वर्षी, २०२२ ला, बत्तीस चेहरे मोठे मोठे, आठ-आठच्या चार ओळी. अण्णा खाली कोपऱ्यात, हात जोडून. चौकात तीनशे मेणबत्त्या होत्या, माणसं खरंच रडत होती. एक बाई फ्लेक्सवरच्या नवऱ्याच्या गालावरून हात फिरवत होती आणि सनीसुद्धा तोंड फिरवून उभा होता. ते मी बघितलंय, खोटं कशाला बोलू.

मग दर वर्षी अण्णा वाढत गेले. गेल्या वर्षी तर डोक्यापासून गुडघ्यापर्यंत अण्णा, डोळ्यांवर गॉगल, आणि मेलेली माणसं त्यांच्या कोपराखाली दाटीवाटीने. गॉगल लावून श्रद्धांजली! गेल्या वर्षी मेणबत्त्या किती होत्या? अकरा. मी मोजल्या. दोघी-तिघी आल्या होत्या, त्यांनाही पाणीपुरवठ्याची तक्रार द्यायची होती.

आणि हे सगळं मीच केलंय. माझ्याच हाताने अण्णांना ओढून मोठं केलं. पगार घेऊन.

९ एप्रिल

आज लिहूनच टाकते. चार वर्षं लिहिलं नाही.

तिसऱ्या ओळीत पाचवा फोटो आहे, त्याच्याखाली नाव 'सहादू, रंगारी' असं आहे. फोटो सहादूचा नाही. महेशचा आहे. माझ्या नवऱ्याचा.

२०२२ ला मी सनीला विचारलं होतं, महेशचं नाव घालता येईल का. तो म्हणाला, "दादा ओझरचे ना? आपल्या प्रभागात नाही बसत." आम्ही तेव्हा ओझरला राहायचो. महेश गेल्यावर मी लेकीला, सृष्टीला घेऊन इकडे आले. म्हणजे नवरा मेला तोसुद्धा चुकीच्या पत्त्यावर!

मग यादीतल्या सहादूचा फोटोच मिळेना. एकटा राहायचा, भाड्याच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. हर्षल म्हणाला, "रिकामी चौकट घाण दिसते हो. टाका कुणाचा तरी, जरा धूसर करून." महेशचं फोल्डर त्याच कॉम्प्युटरवर होतं. टाकला. धूसर केला नाही.

कुणीतरी पकडेल असं वाटलं होतं. हर्षल, सनी, अण्णा, सहादूच्या बरोबरचे रंगारी, तो ज्या गल्लीत राहायचा तिथले लोक. एकाने तरी म्हणावं, अहो, हा सहादू नाही! चार वर्षांत एकानेही म्हटलं नाही. एकानेही बघितलंच नाही. मला लोकांची शिसारी येते ती यासाठी. आणि माझी येते ती वेगळीच.

१३ एप्रिल

उभं राहून राहून पाय मोडले. दिवसभर फ्लेक्सच्या कडांना आयलेटच्या कड्या ठोकण्याचा आवाज. सृष्टीची परीक्षा संपली.

१६ एप्रिल

सनी दुकानात आला. नवीन बातमी. अण्णांचा वाढदिवस सत्तावीसला असतो. तर पंचवीसची श्रद्धांजली आणि सत्तावीसचा वाढदिवस एकाच फ्लेक्सवर घ्यायचे. वर केक, खाली मेलेले. मी विचारलं, मजकूर काय लिहू? तर म्हणे, "तुम्हीच बघा काहीतरी सामाजिक."

शिवाय कुंभमेळ्याच्या स्वागतालाही जागा पाहिजे. म्हणून फोटो कमी करायचे. बत्तीसचे आठ. "ओळखीचे ठेवा, ताई. ज्यांच्या घरचे इथेच राहतात ते." म्हणजे मतं आहेत ते. स्वतः स्क्रीनवर बोट ठेवून एकेकाला काढत गेला. भाजी निवडावी तसा! तिसऱ्या ओळीत पाचव्यावर आला आणि म्हणाला, याचं कोणी नाही इथे, हा पहिला काढा.

मी म्हटलं, हा राहील.

म्हणाला, का? मी म्हटलं, त्याची आई येते दर वर्षी. तर हसला. "ती म्हातारी? ती ताडपत्रीला येते, ताई."

ते खरंच आहे. सहादूची आई, सगुणाबाई, घोटीकडची. दर वर्षी एसटीने येते, पहिल्या रांगेत बसते, आणि कार्यक्रम संपला की फ्लेक्स मागून घेते. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत घडी घालून नेते. चार वर्षांत चार फ्लेक्स. पोराच्या नावावर पाऊस झेलायचा आणि आपण खाली कोरडं बसायचं! अण्णांपेक्षा मला त्या बाईचा जास्त राग येतो. अण्णा परके तरी आहेत.

पण आज तिचंच नाव पुढे केलं. महेशला वाचवायला. मी काय कमी आहे?

१७ एप्रिल

आठात ठेवला. आठवा.

२२ एप्रिल

प्रूफ पाठवलं होतं. सनीचा निरोप आला: अण्णा म्हणतात, वाढदिवसाला मेलेले नकोत, अपशकुन होतो. खालचा भाग काढा. त्या जागी मोफत नेत्रतपासणी टाका.

पंचवीसचं काय, विचारलं. "आता कोण येतं ताई? निवडणूक पण झाली. लोकांना आठवण करून दिली की उलट त्रास होतो."

लोकांना त्रास होतो! पाच वर्षांपूर्वी सिलिंडरसाठी सायकलवरून नाशिक पालथं घालणारा हाच सनी. त्याचीच मामी तिसऱ्या ओळीत दुसरी आहे. तिचा फोटो काढतानाही बोट थांबलं नव्हतं.

खालचा भाग निवडला. डिलीट केला. महेशसकट. मशीन सुरू केलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

२५ एप्रिल, शनिवार

काही नसणार हे माहीत असून संध्याकाळी चौकात गेले. बघावं म्हटलं, कुणाला आठवतंय का. चौकात डीजेवाले स्पीकर तपासत होते. अण्णा वीस फुटी, केकसकट.

आणि कट्ट्यावर सगुणाबाई. मांडीवर रिकामी गोणी.

मला बघून म्हणाली, औंदा लावला नाय का? किती वाजता हाय?

माझा तोल गेला. सगळ्यांचा राग तिच्यावर काढला. म्हटलं, औंदा नाही, पुढच्या वर्षीही नाही, छप्पर दुसऱ्या कशाने तरी झाका आता! डीजेवाले बघायला लागले. ती रागावली नाही. गोणीची घडी घातली, पदराखाली धरली आणि म्हणाली, "छप्पर पत्र्याचं हाय माझं, बाई. गळत नाय."

मग कशाला नेता, विचारलं. म्हणाली, ये घरी, दावते.

तिला स्टँडवर सोडलं. उद्या रविवारच आहे. जाणार आहे. का, ते माहीत नाही. सांगायचं आहे बहुतेक.

२६ एप्रिल

घोटीला उतरून पुढे रिक्षाने अर्धा तास. दोन खोल्या, अंगणात कोंबड्या. सृष्टीला तांदूळ आणायला जाते म्हणून सांगितलं होतं.

चारही फ्लेक्स घरात आहेत. आत, भिंतीवर. अख्खा मावत नाही म्हणून दुमडून दुमडून तिसरी ओळ तेवढी समोर घेतलीये. सगळ्यात वर गेल्या वर्षीचा. गॉगलवाले अण्णा मागे भिंतीकडे तोंड करून दुमडलेले! पाच वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. पाचव्या फोटोला कुंकू, खाली उदबत्तीचं घर. महेश. शर्टाची वरची गुंडी तुटलेला, ओझरच्या क्वार्टरमध्ये मीच काढलेला फोटो.

खाली बसले आणि सांगून टाकलं. हा तुमचा सहादू नाही. हा माझा नवरा. मी टाकला.

सगुणाबाई चूल फुंकत होती. फुंकणी खाली ठेवली.

"ठावं हाय मला. पहिल्याच सालाला कळालं. आईला कळत नाय व्हय?"

मग बोलला का नाहीत?

"बोलले आसते तर त्यांनी नाव बी काढलं आसतं."

एवढंच. पुन्हा चुलीकडे वळली. मी चार वर्षं जगाला शिव्या घालत बसले की कुणीच बघितलं नाही. आणि जिने बघितलं तिला मी ताडपत्रीवाली म्हणत होते! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

चहा देताना तिने हळूहळू सांगितलं. सहादूचा फोटो असा नाहीच. लग्न झालं नव्हतं, फोटो कशाला काढणार. आधारकार्ड, मोबाईल त्याच्या खिशात होते, ते दवाखान्यातून परत आले नाहीत. तोही आला नाही. लांबून कापडात बांधलेलं दाखवलं, तोंड दाखवलं नाही. आधी वाटायचं, हा कोण परका माणूस भिंतीवर. मग तिला वाटलं, ज्याचा हाय त्याची बाईल आसंल कुठंतरी, ती बी रडत आसंल, म्हणून त्यालाही उदबत्ती लावायला लागली. दोघांना मिळून एक. आता सवय झालीये, सहादू म्हटलं की हाच चेहरा समोर येतो म्हणाली. भात लावायचा असो, शेळी आजारी असो, सगळं भिंतीला सांगते.

निघताना विचारलं, "नाव काय गं त्याचं?"

महेश, म्हटलं. पाच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. रिक्षात रडले. पायली­भर तांदूळ बांधून दिला तिने, पैसे घेतले नाहीत.

२७ एप्रिल

चौकात केक कापला. फटाके. अण्णांना क्रेनने हार. किळस! पण आज मला दुसरं काम आहे. सहादूचा फोटो शोधायचा. या गावात दहा वर्षं रंग दिला त्या माणसाने, कुठेतरी कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असेलच.

३० एप्रिल

घरमालक म्हणाला, कोण सहादू? भाडं घेत होता दर महिन्याला. कोण सहादू!

दुसरीकडे एका बाईने दारातूनच सांगितलं, ते दिवस नको आता, चांगलं चाललंय. तिच्या घराचा रंग त्याचाच. अजून टिकलाय.

४ मे

सापडला!

बुधा नावाचा रंगारी भेटला, सहादूच्या बरोबरचा. सातपूरच्या नाक्यावर सकाळी कामाला उभा असतो. जुन्या मोबाईलमध्ये २०१९ च्या गणपतीतला फोटो आहे. बांबूच्या परांचीवर सहा जण ओळीने बसलेत, पाय खाली सोडून. "हा बघा, पिवळी टोपी. सहाद्या." बुधाने खात्रीसाठी बाकीच्या पाचांचीही नावं सांगितली. सहातले तीन नाहीत आता.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत बसले. कापला, मोठा केला, साफ केला. पहिल्यांदाच बघितलं मी सहादूला. बारीक कान, पुढच्या दोन दातांत फट, भुवईला पांढरा रंग लागलेला. कशाला तरी खळखळून हसतोय. महेशसारखा कुठूनही दिसत नाही. कुठूनही! आणि सगळा प्रभाग चार वर्षं फसला.

भुवईचा रंग पुसला नाही. हर्षलने विचारलं, कुणाची ऑर्डर? म्हटलं, माझी.

६ मे

फ्रेम करून आणली. सृष्टीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई, आता बाबांना तिथून घरी आण ना.

हो. आणायचं आहे. सहादूला त्याच्या जागी ठेवायचं आणि महेशला घेऊन यायचं. इतकं सोपं होतं ते, पाच वर्षं लागली.

१० मे, रविवार

घोटीला गेलो, दोघी. फ्रेम सगुणाबाईच्या हातात दिली. कुणाचा फोटो ते सांगितलं नाही, तिने स्वतः बघावं म्हणून. तिने चष्मा लावला. फोटो दारात उजेडाला नेऊन बघितला, काच पदराने पुसून परत बघितला. खूप वेळ.

मग म्हणाली, "हसरं हाय लेकरू. कोनाचं गं?"