मोठ्या कढईतील फोडणी आणि एका पळीची परवानगी

प्रति,
मा. विभागप्रमुख निशिमुरा-सान,
पर्यटन व उत्सव विभाग, ग्रामकार्यालय,
कामिनासावा गाव, गिफू प्रांत.

विषय : पोलेंटा उत्सवात कढईपासून पाच मीटर दूर राहण्याच्या आदेशाचा फेरविचार होणेबाबत.

संदर्भ : आपले दि. ३ जून २०२५ चे पत्र (विशेषतः तळटीप : 'अर्ज कोणत्याही भाषेत चालेल').

महोदय,

उपरोक्त तळटीपेचा आधार घेऊन अर्जदार सौ. कौमुदी शिरीष आठल्ये हा अर्ज मराठीत करीत आहे. अर्जदाराचे पती नागोयाला मोटारींच्या कारखान्यात नोकरीस असून शनिवार-रविवारी घरी येतात. अर्जदार कन्येसह तीन वर्षे याच गावात राहते. सोबतचे जपानी भाषांतर कन्या अपूर्वा (इयत्ता सहावी) हिने केले आहे. तिच्या मते अर्ज 'नागाई', म्हणजे लांबलचक झाला असून तिने तो अर्ध्या पानात आटोपला आहे. तरी मूळ अर्जच ग्राह्य धरावा.

१. इटलीतील भगिनी-गावाशी असलेल्या मैत्रीखातर दर ऑगस्टमध्ये देवळाच्या पटांगणात पोलेंटा शिजते. तिकडच्या डोंगरातल्या शेतकऱ्यांचे हे गरिबीतले जेवण. अर्जदाराच्या भाषेत सांगायचे तर मक्याच्या भरड्याची घट्ट उकड. गतवर्षी अर्जदारास अकरा ते पावणेबारा अशी घोटण्याची पाळी मिळाली. काठी क्षणभरही थांबता कामा नये, हा नियम अर्जदाराने दंडाला मुंग्या येऊनही पाळला. आपल्या पत्रात याचा उल्लेख नाही, म्हणून येथे केला.

२. चूक त्या पाळीच्या शेवटी झाली. नियमपत्रकात शेवटची कृती अशी छापली आहे : 'लोण्यात पाने टाकून तडतडेपर्यंत तापवावे व कढईत ओतावे. ज्या घराची पाळी, त्या घराने हे आपल्या घरून आणावे.' महोदय, या कृतीस अर्जदाराच्या मुलखात फोडणी म्हणतात. फोडणीत नुसती पाने टाकून थांबणे अर्जदाराच्या हाताला माहीत नाही. लोण्याच्या जागी तूप आले, पानांच्या जागी कढीपत्ता आला, आणि मोहरी, हिंग, हिरवी मिरची, हळद ही मंडळी नेहमीप्रमाणे मागोमाग आली. हळद पिवळ्यात पिवळी मिसळून गेली. हिंग मात्र लपला नाही.

३. हिंगाच्या वासाने गॅसगळती झाल्याचा समज होऊन स्वयंसेवी अग्निशमन पथकाने मंडप अकरा मिनिटे रिकामा केला, ही वस्तुस्थिती अर्जदारास मान्य आहे. इटलीहून आलेले सहा पाहुणेही बशा हातात घेऊन पटांगणाबाहेर उभे होते. परत आल्यावर त्यांनी प्रत्येकी दोनदा वाढून घेतले, पण हा मुद्दा अर्जदार रेटू इच्छित नाही.

४. त्या अकरा मिनिटांत मंडपात दोघेच होते. काठी थांबवायची नाही म्हणून अर्जदार, आणि खुर्चीतून उठायला तयार नसलेले हिराबायाशी शिगेरु-सान. हे ८७ वर्षांचे गृहस्थ अर्जदाराचे शेजारी. तीस वर्षे कढईचे मीठ त्यांनीच पाहिले. चार वर्षांपूर्वीच्या आजारात त्यांना वास येईनासा झाला, चवही गेली. तेव्हापासून समिती त्यांना मानाने कढईशेजारी बसवते, पण मीठ कोणी विचारत नाही. सगळे ज्या वासाला भिऊन पळाले, त्या वासाकडे हे वाकले. "हा कसला वास येतोय?" असे त्यांनी विचारले. त्यांना वास आल्याचे अर्जदाराच्याही उशिरा लक्षात आले. त्यांनी बशी पुढे केली, एक घास घेतला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." खरोखरच कमी होते. त्यांनी स्वतःच्या हाताने दोन मुठी घातल्या. अर्जदारास रडू आले. मिरचीमुळे नव्हे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

५. आपल्या आदेशान्वये हिंग हा ड्रोन व फटाक्यांसह निषिद्ध वस्तूंच्या यादीत गेला असून अर्जदारास कचरा वर्गीकरणावर नेमले आहे. वर्गीकरणास हरकत नाही. तथापि अर्जदाराचे स्वयंपाकघर कढईपासून चार मीटर साठ सेंटिमीटरवर येते. म्हणजे उत्सवाच्या दिवशी सकाळचा चहा केला तरी आदेशाचा भंग होतो. तो चहा अर्जदाराने कोठे करावा, याविषयी आदेशात मार्गदर्शन नाही.

६. प्रस्तुत अर्जात आधी आदेश रद्द करावा, घोटण्याची पाळी परत मिळावी आणि गॅसगळती नव्हती असा लाउडस्पीकरवर खुलासा व्हावा अशा तीन मागण्या होत्या. परवा हिराबायाशी-सान कुंपणापाशी आले. सप्टेंबरमध्ये लेक त्यांना दूरच्या इचिकावा शहरात, आपल्या नवव्या मजल्यावरच्या घरी नेणार आहे. हा उत्सव त्यांचा शेवटचा. अर्जदाराने गतवर्षीच्या उत्सवानंतर त्यांच्या घरी फोडणीचे वाडगे नेऊन पाहिले. ते नेमाने खातात, वास येतो म्हणून सांगतात, पण मिठाविषयी एक अक्षर बोलत नाहीत. दुसऱ्याच्या वाडग्यातल्या मिठाला नावे ठेवू नयेत, असे त्यांचे म्हणणे. मीठ बघायचे ते कढईचे.

सबब वरील तिन्ही मागण्या अर्जदार मागे घेत आहे. विनंती एवढीच की शिजत्या कढईतून एक पळी पोलेंटा समितीच्या कोणाही माणसाने अर्जदाराच्या खिडकीत आणून द्यावी. अर्जदार आपल्या घरात, खिडकी लावून, तेवढ्याच पळीला फोडणी देईल आणि झाकून परत करील. पळीतले मीठ तेच कढईतले मीठ. ती पळी हिराबायाशी-सान यांना द्यावी आणि ते जे म्हणतील ते सर्वांनी ऐकावे. पाहिजे तर त्या वेळी मी पाच मीटर सोडून पन्नास मीटरांवर उभी राहीन. मला तिथून ऐकू येणार नाही, पण ते मुठीने मीठ घालताना मला दिसतील, तेवढे पुरे.

चार मीटर साठ सेंटिमीटरवर राहणारी,
आपली नम्र,
सौ. कौमुदी शिरीष आठल्ये
दि. १२ जून २०२५

सोबत :
(१) खिडकी ते कढई अंतराचा नकाशा.
(२) हिंगाचा नमुना, तीन पिशव्यांत बंद. कृपया कार्यालयात उघडू नये.
(३) भाषांतर, अर्धे पान.
(४) हिराबायाशी-सान यांचे स्वहस्ते लिहिलेले पत्र. मजकूर एका ओळीचा : 'यंदा मीठ मी बघतो.'