जुन्या बॅचची नळी

दिपेश,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतंच नाव.

परवा तुझा मेसेज आला, वर्षभरानंतर. "हेमू, अंधेरीच्या लॅबमध्ये आपली जुन्या बॅचची अँटिबॉडी उरलीय का? नवीन बॅच बेकार आहे यार, पट्टीच दिसत नाही." मी कशी आहे, ते विचारलं नाहीस.

पेशीतल्या बारीक पिशव्यांची ने-आण करणारं ते प्रोटीन कॅन्सरमध्ये वाढतं, असं तू याच अँटिबॉडीने दाखवलंस आणि त्या पेपरवर परदेशी गेलास. ती फक्त त्याच प्रोटीनला चिकटते आणि तिथेच पट्टी उमटते, दुसऱ्या कशालाच चिकटत नाही, म्हणायचास. ते प्रोटीन काढून टाकलेल्या पेशींवर एकदा तपासू, असं मी म्हटलं, तर म्हणालास, "कशाला वेळ घालवतेस गं? माझ्यावर विश्वास नाही?" होता ना रे. म्हणून तर माझी अख्खी पीएचडी त्यावर उभी केली.

काल जुन्या बॅचची उरलेली नळी काढून तपासलं. ज्या पेशींत ते प्रोटीनच नाही, तिथेही तीच ठसठशीत पट्टी. म्हणजे जुनी भलत्यालाच चिकटत होती. नवीन बॅच बेकार नाही, दिपेश, ती खरं बोलतेय. तुला ते कळलंय, म्हणूनच तुला जुनी हवीय.

आमच्या वेसाव्याच्या बाजारात शिळं पापलेट ताजं म्हणून खपवणारीला दुसऱ्या दिवशी कुणी शेजारी बसू देत नाही. तुला मात्र तिकडे केबिन मिळाली.

हे पत्र पाठवणार नाही. तुझा मेसेज आणि कालच्या पट्टीचा फोटो तुझा पेपर छापणाऱ्या जर्नलच्या संपादकांना पाठवलाय. माझी पीएचडीही त्यात बुडेल. बुडू दे.

नळी आहे माझ्याकडे. त्यांनी मागितली तर देईन.

आणि हेमू म्हणू नकोस.

हेमांगी