बोलणारी पाटी काढली आहे

आई,

तू दवाखान्यातून येईपर्यंत थांबणार होते, पण माझी पाचची बस आहे.

कॉम्प्युटर साफ केलाय. ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा’ म्हणणारी ती लाल पाटी खोटी होती. विणकामाच्या कुठल्याशा साइटवर तू ‘परवानगी द्या’ दाबलंस, तिथून ती घुसली. तिचा प्रोग्राम उडवला, परवानगी काढली, पासवर्डही बदलला. नवा पासवर्ड शिवणाच्या डब्यात आहे. पुन्हा असलं काही आलं तर त्या नंबरवर नाही, मला फोन कर.

पण आई, ही पाटी चार महिन्यांपूर्वी आलीय. तू मला फोन केलास तो काल, ‘कॉम्प्युटर गप्प बसलाय’ म्हणून. मी खेकसले तुझ्यावर, धड काय झालं ते सांग म्हणून. आता कळलं. पाटीबरोबर दर तासाला एका बाईचा आवाज यायचा, आणि परवा धूळ झटकताना स्पीकरची वायर निघाली. आवाज बारीक करायचं बटण तुला चांगलं ठाऊक आहे, तरी ते पार शेवटपर्यंत मोठं केलेलं होतं. लोकरीची टोपलीही तिथेच, शेजारी.

वायर जोडलीय, पण ती बाई आता बोलणार नाही. बाबा गेल्यापासून मी फक्त रविवारी फोन करते, तोही भांडी घासता घासता.

दर तासाला माझ्याने नाही होणार गं. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा चालेल?

धाकटी