गवताचा वास

१४ फेब्रुवारी, रविवार

बुधवारच्या पानावर मी चूक लिहिलं आहे. ‘दव नव्हतं, गवत कोरडं’ – असं लिहिलं. दव होतं! तिसऱ्या होलपर्यंत माझे मोजे ओले झाले होते. ते पान खोडत नाही, इथे दुरुस्त करते.

बाबा छावणीच्या गोल्फ मैदानावर माळी. रोज सकाळी चिमूटभर गवत चुरगाळून हुंगतात. वास आला तर ओल आहे, चेंडू अडणार – जोरात मारायचं. वास नाही तर कोरडं, चेंडू पळणार – हळू. शाळेत जायच्या आधीपासून मी हे शिकले. अंकसुद्धा बाबांनी फटके मोजूनच शिकवले. बुधवारी नागपूरला, स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी, मी गवत हुंगलं – काहीच नाही. म्हणून हळू मारलं. दोनदा चेंडू भोकाच्या हातभर अलीकडे थांबला. तेव्हाच कळायला हवं होतं.

कळलं होतं.

१५ फेब्रुवारी

अजून मागच्या खोलीतच. आई दाराशी ताट ठेवते – “चव नसली तरी जेवजो वं.”

शेजारच्या मनकर्णाबाई अंगणातून आईला सांगत होत्या, “त्या देवळीच्या पोरीनंच देला इले कोरोना. लग्नात गेलती ना ते!”

देवळी गावची पोरगी म्हणजे रक्षा. नागपूरला आम्ही एका खोलीत होतो. मी पहिली, ती एका फटक्यानं मागे. गुरुवारी शेवटच्या फेरीआधी चाचणी झाली – मी पॉझिटिव्ह, बाहेर. ती निगेटिव्ह, पण खोली एक, म्हणून तीही बाहेर! बॅग उचलताना दुरूनच ओरडली, “तू बरी होजो. आपली मॅच बाकी हाय!”

मनकर्णाबाईंचं सगळं ऐकलं. मग खिडकी लोटून घेतली.

१८ फेब्रुवारी

आईनं हिंगाची डबी उघडून पाठवली. काही नाही.

२० फेब्रुवारी, शनिवार

गोल्फ संघटनेचं पत्र आलं. आम्हा दोघींसाठी राज्य संघात एक जागा राखली आहे. पहिला हक्क माझा, आघाडीवर होते म्हणून. पण सहीनिशी लिहून द्यायचं – ‘चाचणीपर्यंत मला कोणतंही लक्षण नव्हतं.’ नाही दिलं तर जागा रक्षाची.

बाबा दाराबाहेरून हसत होते. “तानबाले सांगतलं म्या. पेढे मागून राह्यला आतापासूनच!” तानबा म्हणजे त्यांच्याबरोबरचा माळी.

कोरा कागद समोर आहे. अजून काही लिहिलं नाही.

२२ फेब्रुवारी

स्पर्धेत रोज गेटवर लक्षणांचा फॉर्म भरायचा होता. गुरुवारचा प्रश्न – वास येतो का? मी ‘हो’वर खूण केली. आदल्या दिवशीचे ओले मोजे बॅगेत होते तेव्हा!

नाक चोंदलं असेल. तिथलं गवत वेगळं असेल. पहाटेपासून हेच स्वतःला सांगते आहे.

बाबांना दारातून विचारलं, “धक्का लागून चेंडू हलला आन् कोणीच पाह्यलं नसन, त?”

“मारणाऱ्यानं त पाह्यलं ना? मंग एक फटका वाढवाचा.” आणि मग, “काऊन वं?”

“असंच.”

२४ फेब्रुवारी

रक्षाचा फोन. “माह्या बाबानं निगेटिव्हचा कागद दुकानात गल्ल्यावर चिकटवला, लक्ष्मीच्या फोटोच्या बाजूले! लोक आता लक्ष्मीच्या आन् माह्या, दोघींच्याही पाया पडतीन.” मग हसणं थांबलं. “तरी गिऱ्हाईक लांबूनच सामान मागते. म्हणते, हिनंच देला. काजल, तुले त माहीत आहे ना, मले काहीच नव्हतं?”

मी म्हटलं, “हो.” तेवढंच. आणि फोन ठेवला.

२७ फेब्रुवारी, शनिवार

आज खोलीबाहेर. बाबांनी मैदानावरून रुमालात गवत बांधून आणलं. “सांग बरं, ओलं का कोरडं?”

चुरगाळलं. हुंगलं. वास आला – एवढा, की डोळ्यांत पाणी!

“ओलं,” मी म्हटलं. आणि तिथेच, पायरीवर, सगळं सांगितलं. बाबा बराच वेळ रुमाल झटकत राहिले. मग म्हणाले, “तानबाले मी सांगतो. बाकी तू सांगजो.”

कागद लिहून झाला – ‘मला बुधवारपासून वास येत नव्हता. गुरुवारी मी खोटं भरलं.’ सही केली. नागपूरला संघटनेला नंतर देईन. आधी देवळी – रक्षाच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचायचा. दुकान दहाला उघडतं.

जायचं ठरलं – सोमवारी, १ मार्चला.