फोटोच्या पाठीवरची सही

रवि. ३ नोव्हें., मलाझ
नाही गं, फोटो धुवायची डार्करूम-बिरूम कसली. न्हाणी होती. कमोडवर फळी, फळीवर फोटो मोठे करायचं मशीन. कुणाला लागली की पळा मशिदीकडे. आज हेच सांगितलं रेहानाला. गॅलरीवाली, हैदराबादची. इथे आखातात ह्यांच्या स्टुडिओत शुक्रवारी न्हाऊन गावी पाठवायला फोटो काढून घेणारे ड्रायव्हर, न्हावी, शिंपी आता ह्यांच्या माघारी गॅलरीच्या भिंतीवर लागणार म्हणे. पांढरे हातमोजे घालून एकेक उचलत होती. म्हटलं, धर नीट, चावत नाहीत.
अंधारात वेळ कसा मोजायचे, विचारलंन. म्हटलं, पाढे म्हणून. हसली. थट्टा वाटली तिला.

बुध. ६
रे.चा फोन. "आंटी, सहा फोटो के पीछे १९ लिखा है. साहब का कोई सीक्रेट नंबर?"
एकोणिसाचा पाढा तो. अख्खा म्हणेपर्यंत मशीनचा उजेड अडवायला तारेवरची पुठ्ठ्याची टिकली चेहऱ्यावर हलवत ठेवायची. नाहीतर उन्हाने करपलेला माणूस कागदावर कोळसा होतो. आकडा माझ्या हातचा.
म्हटलं, "हां, बहुत गहरा राज है." छापू दे प्रदर्शनाच्या पुस्तकात.

शुक्र. ८
गॅलरीचा कागद आला. 'सर्व प्रिंट छायाचित्रकाराने स्वतःच्या हाताने केल्या.' खाली माझी सही पाहिजे. इम्रान जुबैलहून शिफ्ट संपवून आला.
"अम्मी, करून टाक ना. अब्बांचं नाव होतंय."
"आणि हात कुणाचे होते रे?"
"आता बोललीस तर लोक अब्बांना खोटे म्हणतील. प्लीज."
म्हणू देत. बटण दाबून हे बाहेर चहा ढोसत गप्पा हाणायचे. आत रसायनाने माझी नखं काळी. बायका विचारायच्या, मेंदी अशी कशी गं चढली? आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर ह्यांची झोकदार सही.
म्हटलं, तुझ्या अब्बांनी एकदा तरी विचारलं का, तुझं नाव घालू म्हणून? अर्ध्या ताटावरून उठला.

सोम. ११
रे. पेन घेऊन हजर. म्हटलं, चष्मा सापडत नाही. डोक्यावरच होता. तिने बघितला. चहा प्यायली. गुरुवारी येते म्हणाली.

मंगळ. १२
कागद फ्रिजवर. इम्रानचा फोन, "केलीस?" नाही.
त्याच्या तोंडावर नाही सांगवणार, इथे लिहिते. ह्यांनी विचारलं होतं. पहिल्याच फोटोला पेन्सिल माझ्या हातात दिली. "खाली तू पण कर सही." माझं चौथीपर्यंतचं अक्षर, कोंबडी चालल्यासारखं. त्या झोकदार सहीखाली लाज वाटली. नको म्हटलं. परत विचारलं, परत नको. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पेन्सिल मोडून मोरीत टाकली.
ह्यांनी मला नाव घालू दिलं नाही, हे मीच पसरवलं. माहेरी, शेजारी, पोराला. खोटं बोलले मी.