गिरिजाचं रिकामं खोकं

प्रिय अक्का,

परवा सकाळी टेम्पो येणार आहे आणि आम्ही मुरुम सोडून वाशीला राहायला जाणार आहोत. नागेशला तिथल्या एका डाळमिलमध्ये काम मिळालंय. (हो, नवऱ्याचं नाव घेते. तुम्हाला ते कधीच आवडलं नाही.) घरात पाय ठेवायला जागा नाही, निम्मी भांडी अजून वर्तमानपत्रात गुंडाळायची आहेत, आणि मी ते सगळं तसंच टाकून तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे. का? तर तुमच्याशी भांडायचं आहे म्हणून! बारा वर्षं तुम्ही शेजारच्या दारात होता, तेव्हा तोंड उघडलं नाही. आता तुम्हाला जाऊन चार महिने झाल्यावर मला कंठ फुटलाय.

तुमची शाळा कानडी, तीही चौथीपर्यंत. मराठी अक्षरं तुम्हाला एसटीच्या पाटीपुरती ठाऊक. म्हणून जरा मोकळेपणानं लिहिते.

आमच्या घरात मुलींना कुणी काही कर म्हणून सांगत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळं सामान बांधतानाही तोच नियम, ज्याचं खोकं त्यानं भरायचं. किराणा दुकानातून बिस्किटांची रिकामी खोकी आणली आणि प्रत्येकाच्या नावाचं एकेक ठेवलं. नऊ वर्षांच्या ओवीनं तिच्या खोक्यात काय भरावं? नदीतले दगड, सुगरणीचं घरटं आणि मोटारीची जळकी कॉईल. कपडे आईच्या खोक्यात घाल म्हणाली. गिरिजाचं खोकं मात्र आठ दिवस भिंतीला टेकून नुसतं उभं. वर जाड पेनानं नाव लिहिलेलं आणि आत काही नाही.

मला वाटलं, आळस. चौदा वर्षांच्या पोरी करतातच. शेवटी परवा विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "माझं न्हाय भरायचं, आई. मी वाशीला येत न्हाय. मी दोड्डव्वाच्या घरीच ऱ्हाणार."

दोड्डव्वाच्या घरी! अक्का, तुम्ही या जगात नाहीत, तरी ते घर तुमचंच. तिथं भावजी राहतात, सासूबाई राहतात, पण पोरीच्या तोंडी नाव तुमचं. दोड्डव्वा, म्हणजे मोठी आई! आणि जिनं तिला जन्म दिला, तिचं घर ती सोडून द्यायला निघालीय. मला काय वाटलं असेल? खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी तुमचा राग आला.

हा राग जुना आहे. आम्ही गिरिजाला शाळेतून काढलं, तेव्हा मी सहा वर्षांची मास्तरकी सोडून घरी बसले होते. अनस्कूलिंग म्हणजे काय, हे मी तुम्हाला तुमच्या शिलाई मशीनपाशी उभी राहून अर्धा तास समजावून सांगितलं होतं. मूल आपल्या ओढीनं शिकतं, त्याला जबरदस्तीनं शिकवायचं नसतं वगैरे. तुम्ही दोरा दातानं तोडलात आणि म्हणालात, "म्हंजी पोरगी दिवसभर मोकळीच की. मग बसू दे माझ्याकडं." आणि गिरिजाला हाक मारलीत, "बा, कुंद्र." ये, बस. बस्स, एवढंच! माझा अर्धा तास गेला पाण्यात.

ती बसली ती बसलीच. मी पुठ्ठ्याच्या गोल भाकऱ्या कापून, रंगवून तीन दिवसांत अपूर्णांक शिकवायचं सामान तयार केलं होतं. गिरिजानं ते बघितलं आणि म्हणाली, "हे येतंय की मला. छाती चौतीस, त्याचा चवथा भाग साडेआठ, वर शिलाईला दीड, झाले धा." त्या भाकऱ्या मी ओवीसाठी म्हणून ठेवून दिल्या. ओवीनंही त्यांना हात लावला नाही. काल खोकं भरताना सापडल्या, तर फेकवतही नाहीत.

मूल आपल्या ओढीनं शिकतं, हे मी जगाला सांगत होते. त्याची ओढ माझ्याकडं नसून जावेकडं असेल, तर काय करायचं, हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

कानडीचं तर विचारूच नका. माझं माहेर बार्शीचं, मला तुमची भाषा कधी आली नाही. दोन्ही पोरी तुमच्याकडून कानडी शिकल्या आणि जेवायला बसल्या की एकमेकींत बोलून खिदळायच्या. मी विचारायचे, काय झालं गं? "काय न्हाय, दोड्डव्वाची गंमत." माझ्याच घरात, माझ्याच हातचं खाऊन, माझ्यासमोर हसायचं आणि मला कळू द्यायचं नाही! मी हसल्यासारखं करून आमटी वाढायचे.

बारा वर्षांत मी तुमच्याकडून एकही ब्लाऊज शिवून घेतला नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? सगळ्या मुरुमच्या बायका तुमच्या दारात, आणि मी एसटीनं उमरग्याला जायचे. तिथला टेलर दर वेळी मुंढ्यात घोळ घालायचा, ब्लाऊज काखेत काचायचा. मी तसाच घालायचे. तुम्ही एकदा नुसतं बघितलंत आणि काही बोलला नाहीत. बोलायचं होतंत! "सविता, काढ तो, उसवून देते," एवढं म्हणाला असता तर कदाचित दिलाही असता.

पण सगळ्यात मोठा घाव दोन वर्षांपूर्वीचा. गिरिजाला पहिल्यांदा पाळी आली आणि ती तुमच्याकडं गेली. मी घरात होते, अक्का! मागच्या दारात ज्वारी पाखडत होते. माझ्यासमोरून ती गेली आणि तुम्हाला सांगितलं. मग तुम्ही माझ्या दारात आलात, पदरानं हात पुसत, आणि हळूच म्हणालात, "सविता, पोरगी मोठी झाली गं. वरडू नको तिला."

वरडू नको! मी कधी ओरडले होते तिला? तुम्ही चांगल्या मनानं म्हणालात, मला कळतंय. पण त्या दोन शब्दांनी मी आठ दिवस आतल्या आत पेटत होते. आणि त्या आठवड्यात मी जे केलं, ते आठवलं की आता तोंड लपवावंसं वाटतं.

मी वेळापत्रक केलं. घरात घंटा नाही, तास नाही, वेळापत्रक नाही, म्हणून आम्ही गावभर मिरवायचो. नातेवाइकांशी वाद घालायचो. त्याच घराच्या भिंतीवर मी पुठ्ठा टांगला. "दोड्डव्वाकडे, दुपारी ३ ते ५." बाकी सगळा दिवस मोकळा, ज्याला जे हवं ते करावं. बंधन फक्त तुमच्या दाराला. नागेश म्हणाला, "सविता, हे शाळेपेक्षा वाईट झालं." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आणि तुम्ही काय केलंत? भांडला नाहीत. विचारलंही नाहीत. उलट तुम्हीच तो नियम माझ्यापेक्षा कडक पाळलात. पाच वाजले की तुमचा आवाज भिंतीपलीकडून यायचा, "जा गं, तुज्या आईचा टाईम झाला." मला त्यात टोमणा ऐकू यायचा. आता वाटतं, टोमणा नव्हताच. तुम्ही बाईला तिचं लेकरू वेळेवर परत करत होता. पण अक्का, एकदा तरी भांडायचं होतंत हो! तुम्ही भांडला असता तर मी तो पुठ्ठा उतरवला असता. तुमच्या त्या निमूटपणाचा मला आजही राग येतो.

तुम्ही गेलात त्या दिवशीचं गिरिजानं मला नंतर एकदाच सांगितलं. दुपारपासून तुमची छाती जड झाली होती. तुम्ही मशीन सोडून भिंतीला टेकून बसला होता. ती म्हणाली, दोड्डव्वा, आज मी थांबते. तुम्ही म्हणालात, "न्हाय, पाच वाजले. तुजी आई वाट बघती." ती घरी आली. साडेपाचला भावजींची हाक आली, जीप आली, आणि उमरग्याला पोचायच्या आत तुम्ही गेलात. गिरिजा गल्लीत उभी होती. जीपच्या काचेतून तिला तुमचा फक्त पदर दिसला.

ती मला एका शब्दानं बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी तो पुठ्ठा काढून चुलीत घातला, तेव्हा ती दारात उभी राहून बघत होती.

तर परवा ती म्हणाली येत नाही, आणि मी नको ते बोलले. "दोड्डव्वा गेली आता. मेलेल्या माणसापाशी बसून काय शिकणार आहेस?" तोंडातून शब्द गेला आणि मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिरिजा म्हणाली, "शिकायला न्हाय, आई. आठ बायकांची कापडं पडल्यात. त्यांनी दोड्डव्वाकडं टाकल्ती. त्यातली तीनच झाल्यात. तिनं घेतल्याली कापडं तशीच परत द्यायची का?"

"ती झाल्यावर येशील ना?"

"तवा बघू."

मी नागेशकडं धावले. तो पाना घेऊन पंखा उतरवत होता. स्टुलावरूनच म्हणाला, "शाळा सोडायची का, हे आपण तिला सहाव्या वर्षी विचारलं होतं. आता ती चौदाची आहे. ज्याचं त्यानं ठरवायचं हे आपलंच वाक्य ना?" मी म्हटलं, तेव्हा ती माझ्याकडं यायचं ठरवत होती! त्यानं पंखा खाली दिला आणि म्हणाला, "हां. मग असं म्हण की."

काल संध्याकाळी मी तिला समजावायला म्हणून तुमच्या घरी गेले. मनात सगळं जुळवून गेले होते. वाशीतही मशीन घेऊन देऊ, तिथंही बायका आहेत, कापडं तिथून शिवून पाठव. दारात पोचले तर ती मशीनवर होती. निळ्या ब्लाऊजला बाही जोडत होती. मान तुमच्यासारखी डावीकडं कललेली. मी उभी राहिले. तिचं लक्ष नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. आणि तिनं पाय थांबवला. बाही अर्धी जोडलेली, सुई तशीच कापडात रुतलेली. तिनं मशीनवर फडकं टाकलं आणि उठली.

मी म्हटलं, "अगं, अर्धीच राहिली की बाही."

"पाच वाजले ना," ती म्हणाली. रागानं नाही. तिरकसपणानं नाही. आपण ताटावरून उठताना हात धुतो, तसं.

अक्का, तेव्हा मला कळलं. चार महिने ती रोज पाचला घरी यायची. तुम्ही नाही, पुठ्ठा नाही, पाठवणारं कुणी नाही, तरी यायची. आणि मला काय वाटत होतं माहीत आहे? मला वाटत होतं, ती माझ्या ओढीनं येते! दोड्डव्वा गेली, आता लेकराला आई आठवली, असं मला वाटायचं. पाचला तिची चाहूल लागली की मी मनातल्या मनात खूश व्हायचे. तुम्हाला हरवलं म्हणून. गेलेल्या माणसाला हरवून खूश व्हायचे मी!

आठ वर्षं मी घरी बसून राहिले. माझ्याकडून ती नेमकी एकच गोष्ट शिकली, आणि ती ही.

मी गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसले. म्हटलं, "फडकं काढ. बाही पुरी कर."

तिनं माझ्याकडं बघत फडकं काढलं. मग बसली. मशीनचा आवाज सुरू झाला. सहा वाजले, सासूबाईंनी देवापुढं दिवा लावला, भावजी रानातून आले, माझ्याकडं बघून आत गेले. ती शिवतच होती. मध्ये एकदा मान वर न करता म्हणाली, "आई, तू रडू नको हं टेम्पो आल्यावर. ओवी घाबरंल." मी बरं म्हटलं, आणि तिथंच रडून घेतलं.

तर ती राहतेय. एक वर्ष म्हणा, पाच ब्लाऊज म्हणा, तिचं ती ठरवेल. सासूबाईंना सांगितलंय, भावजींना सांगितलंय. तिचं रिकामं खोकं ओवीनं मागून घेतलं, तिला दगडांना जागा पुरत नव्हती.

मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. तेवढी मोठी मी नाही. वाशीला गेल्यावर दिवसातून दहा वेळा माझ्या मनात येईल की आत्ता ती तुमच्या घरात, तुमच्या मशीनवर, तुमच्यासारखी मान करून बसली असेल, आणि दहाही वेळा माझा जीव जळेल. तुम्ही जिवंत असता तर निदान तुमचा एखादा दोष तरी दिसला असता. आता तोही दिसायचा नाही.

पण एक वचन देते. पूर्वी तिनं तुमचा विषय काढला की मी बोलणं दुसरीकडं वळवायचे. तिला ते कळतं. तुम्ही गेल्यापासून, त्या एका दिवसाचं सांगणं आणि परवाचं भांडण सोडलं, तर तिनं माझ्यासमोर तुमचं नाव काढलेलं नाही. चार महिने पोरीनं तुम्हाला एकटीनं आठवलं असेल, अक्का. भिंतीअलीकडं मी होते, आणि तिला माझ्यापाशी रडता आलं नाही. आता वाशीहून फोन करीन तेव्हा तुमचं नाव मीच आधी काढीन. ती बोलायला लागली की मध्ये तोंड घालणार नाही. मग काय झालं, असं विचारत राहीन.

जळेन, पण ऐकेन.

तुमच्यावर अजून रुसलेली,
तुमची धाकटी जाऊ,
सविता